पाठीवर मावेल एवढंच

साल १८८८, मे महिन्याची अखेर. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावात, लामार्तीन चौकातल्या दोन नंबरच्या पिवळ्या घराच्या दारात तुम्ही उभे आहात. आत टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास कोंदला आहे. महिन्याभरापूर्वीच हे घर त्याने स्टुडिओसाठी भाड्याने घेतलंय. झोपायला अजून तो जवळच्या कॅफेतल्या खोलीवर जातो. पस्तिशीचा, तांबूस दाढीचा हा माणूस जमिनीवर उकिडवा बसून सामान भरतोय. व्हिन्सेंट व्हॅन गॉग. उद्या त्याला समुद्रावर जायचंय, आणि त्याच्या सामानाला तुम्ही हात लावणार आहात. तेव्हा काय काय उचलायचंय ते आधी नीट बघून घ्या.

पेटीतली एक ट्यूब हातात घ्या. कथलाची आहे, बोटाने हलकं दाबलं तरी वाकते आणि दाबलेलीच राहते. टोपण फिरवा, हवा तेवढा रंग काढा, पुन्हा घट्ट बंद करा. तुम्हाला यात नवल वाटणार नाही, पण ही सोय अजून पन्नास वर्षांचीही झालेली नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली अशा ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तेलात खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून वर दोरा आवळत. वापरायची वेळ आली की पिशवीला भोक पाडायचं आणि रंग पिळून काढायचा. ते भोक पुन्हा धड बुजायचं नाही. हवा लागून रंग घट्ट व्हायचा, प्रवासात पिशवी फुटायची. तेलरंग घेऊन दिवसभर रानात बसणं तेव्हा मोठ्या निगुतीचं काम होतं. तुमच्या हातातल्या या मऊ नळीने ते सोपं केलं.

कोपऱ्यात एक लाकडी चौकट टेकवून ठेवलेली दिसेल. तिच्यात उभ्या, आडव्या आणि तिरक्या तारा ताणलेल्या असतात. अशी चौकट त्याने १८८२ साली हेगमध्ये असताना करवून घेतली होती. समुद्रकाठच्या वाळूत रोवता यावी म्हणून तिच्या खुंटांना लोखंडी टोकं बसवली होती. तिच्यातून एक डोळा मिटून पाहा. चौकातला रस्ता कुठल्या तारेला छेदतो आणि छपराची रेघ किती कलते, ते लगेच कळतं. कागदावर तशाच रेघा आखल्या की समोरचं जग मापात उतरतं. कुणी मास्तर शेजारी नसलेल्या माणसाने स्वतःसाठी उभा केलेला हा मास्तर आहे.

कॅनव्हास तीनच घ्यायचेत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घोड्यांच्या टपालगाडीत बसता. कामार्गच्या सपाट, खारट माळावरून पाच तास हाडं खिळखिळी करणारा प्रवास. मग एकदम समोर भूमध्य समुद्र. गावाचं नाव साँत-मारी-द-ला-मेर. तो वाळूत ईझल उभं करतो आणि ब्रश घेतो. वारा सुटलेला आहे. पॅलेटवर काढलेल्या पांढऱ्यावर, ओल्या हिरव्या लाटांवर वाळू येऊन बसते. तुम्ही ती निपटायला पुढे होता, पण तो थांबत नाही. त्या आठवड्यातलं एक सागरचित्र आज ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये आहे आणि त्याच्या रंगात वाळूचे कण अजून सापडतात. चित्र कुठे बसून काढलं, याचा याहून पक्का पुरावा कोणता?

परतायच्या दिवशी भल्या पहाटे तो तुम्हाला उठवतो. किनाऱ्यावर चार होड्या ओढून ठेवल्या आहेत. लाल, निळ्या, हिरव्या. कोळी एवढ्यात त्या पाण्यात लोटतील. रंगवायला वेळ नाही. चौकट, ईझल, पेटी, सगळं बाजूला राहतं. तो कागद मांडीवर घेतो आणि खिशातून एक बोरू काढतो.

होय, बोरूच. आपल्याकडे पेशवे दफ्तरातल्या मोडी पत्रांवर जो चालला, त्याच जातीचा. आर्लच्या आसपास पाणथळ जागी बोरू वाढतात. ते कापून, सुकवून, चाकूने तासून तो स्वतः टाक करतो. हॉलंडमध्ये असतानाही त्याने हा प्रयोग केला होता, पण तिथले बोरू इतके चांगले नव्हते. जरा जवळ सरकून त्याचं टोक पाहा. तिरका काप, मध्ये एक बारीक चीर. दौतीत बुडवला की त्यात शाई थोडीच राहते. पहिली रेघ ठसठशीत आणि काळीभोर येते, पुढची फिकट होते आणि मग कोरडी खरखर. लांब, नागमोडी, एकसारखी रेघ या टाकाला मानवतच नाही. त्याला चालतात ठिपके, तुटक रेघा, छोटे फटकारे. वाळूसाठी ठिपके, पाण्यासाठी आडवे तुकडे, होडीच्या कडेला जाड ओढ. बुडव, ओढ, बुडव, ओढ. त्याचा हात थांबत नाही.

तासाभरात चित्र पुरं होतं. होड्यांवर त्याने रंगांची नावंही लिहून ठेवली आहेत. कुठे काय भरायचं, याची टाचणं. मग होड्या समुद्रात जातात. नंतर भावाला, थिओला, पत्र लिहिताना तो हे आवर्जून सांगेल की हे चित्र चौकट न लावता, मोजमाप न करता, टाक चालेल तसा चालू देऊन काढलं. सहा वर्षं ज्या तारांमधून पाहिलं, त्या आता डोळ्यांतच मुरल्या आहेत. अवजाराने द्यायचं ते देऊन झालं की ते घरी ठेवता येतं, ही त्या सकाळची कमाई.

गाडीत बसताना तुम्ही कॅनव्हास उचलायला जाता, तर तो नको म्हणतो. तेलरंग ओले आहेत. पाच तासांच्या हिसक्यांत त्यांचा चिखल होईल. तिन्ही चित्रं वाळायला मागे राहतात. बोरूची रेखाटनं मात्र तुमच्या मांडीवर सुखरूप आर्लला येतात आणि त्यांच्यावरूनच होड्यांचं तैलचित्र स्टुडिओत तयार होतं. त्यातल्या एका होडीवरचं नाव वाचा : ‘आमितिए’, म्हणजे मैत्री.

आता जून. आर्लजवळच्या क्रोच्या मैदानात गव्हाची कापणी सुरू आहे. डोक्यावर ऊन आणि अंगावर मिस्त्राल. उत्तरेकडून येणारा हा कोरडा वारा दिवसचे दिवस पडत नाही. तीस नंबरचा कॅनव्हास, म्हणजे साधारण ७३ गुणिले ९२ सेंटीमीटर. वाऱ्यात तो शीड होऊन ईझलसकट उडायला बघतो. यावर त्याचा तोडगा काय, ते तुम्हाला स्वतः करून बघायचंय. आधी ईझलचे पाय जमिनीत दाबून रोवा. प्रत्येक पायाशेजारी पन्नास सेंटीमीटरची लोखंडी मेख ठोका. मग सगळं दोरीने आवळून बांधा. हीच युक्ती त्याने आपला तरुण चित्रकार मित्र एमिल बर्नार याला पत्रातून सांगितली आहे. बांधून झाल्यावरही कॅनव्हास थरथरतोच. म्हणून ब्रशचे फटकारे आखूड, भरीव आणि एका दमात मारलेले असतात. बोरूने शिकवलेली तुटक रेघ आता पिवळ्या रंगात चालू लागते. गव्हाच्या ताटाताटाला एक एक फटका. पाहणारे पुढे याला शैली म्हणतील. तुम्ही मात्र मेख ठोकली आहे. त्या शैलीत वाऱ्याचा आणि बोरूचा वाटा किती, ते तुमच्या तळहाताला माहीत आहे.

संध्याकाळी पेटी उघडून पिवळ्या ट्यूबा मोजा. लवकरच संपतील. एप्रिलच्या सुरुवातीला त्याने थिओकडे पाठवलेल्या यादीत सिल्व्हर व्हाइटच्या वीस मोठ्या ट्यूबा होत्या आणि क्रोम यलोच्या दोन छटांच्या दहा-दहा. पैसे थिओचे, रंग पॅरिसहून येणार, आणि पार्सल येईपर्यंत हात बांधलेले. अशा दिवसांत तो शाई आणि कागदाकडे वळतो. जुलैत तो आर्लजवळच्या मोंमाजूरच्या टेकडीवर जातो, तेव्हा तुमच्या खांद्यावर फक्त व्हॉटमन कागदाचे मोठे ताव, दौत, पिसाचा टाक आणि बोरू आहेत. वर वारा आहे, डास आहेत, आणि खाली क्षितिजापर्यंत शेतं. त्यातल्या एकाही कागदावर रंगाचा थेंब नाही, तरी ऊन दिसतं.

पेटीतले रंग टिकाऊ नाहीत, हे त्याला ठाऊक आहे. आपल्या काळात रूढ झालेले रंग कच्चे आहेत, म्हणून ते धीटपणे लावावेत, काळ त्यांना आपोआप सौम्य करील, असं तो थिओला लिहितो. काळाने ते केलंही. त्याच्या निजायच्या खोलीच्या चित्रातल्या भिंती मुळात जांभळट होत्या. त्यातला लाल उडाला आणि आज त्या निळ्या दिसतात. क्रोम यलो उजेडाने काळवंडतो. त्यामागे क्रोमियमची रासायनिक अवस्था बदलते, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. म्हणजे क्रोच्या शेतात तुम्ही पाहिलेला पिवळा आज कुणालाच पाहायला मिळणार नाही.

निरोप घ्यायच्या आधी त्याच्याबरोबर तारास्कोंच्या रस्त्याने एकदा चाला. गवती टोपी, पाठीवर सामान, काखेत कॅनव्हास, आणि धुळीच्या रस्त्यावर बाजूने चालणारी त्याची सावली. स्वतःचं हेच रूप त्याने त्या उन्हाळ्यात रंगवलं. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या संग्रहालयात असलेलं ते चित्र दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ साली नाहीसं झालं, बहुधा आगीत. उरली आहेत ती त्याची छायाचित्रं आणि छापील प्रती. त्यांवरूनच चित्रकार फ्रान्सिस बेकनने १९५०च्या दशकात चित्रांची एक मालिका केली. लँडस्केपला निघालेल्या चित्रकाराचं याहून खरं चित्र मला माहीत नाही. त्यात निसर्गापेक्षा ओझ्याचा मान मोठा आहे.

आज आपल्याकडे मेणवलीच्या घाटावर किंवा नाशिकच्या गोदाकाठी रविवारी लँडस्केपला निघणाऱ्यांच्या पाठीवर त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं सामान असतं. टिकाऊ रंग, घडीचं हलकं ईझल, पाण्याची ब्रश-पेनं, कागदाचे दहा प्रकार. हे सगळं मिळतं हे चांगलंच आहे. पण त्यातलं निम्मं घरी ठेवा, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. उरलेल्या निम्म्याची पुरती ओळख करून घ्या : तो रंग किती वेळात वाळतो, तो ब्रश किती पाणी धरतो, वारा आला तर ईझल कशाला बांधायचं. ओढ्याकाठी बोरू दिसला तर एक कांडं कापून आणा, सुकू द्या, तिरकं तासा, टोकाला चीर द्या आणि साध्या शाईत बुडवून समोरचं झाड काढायला बसा. पहिले काही कागद वाया जातील. जाऊ द्या. तुमच्या हाताला जी रेघ त्या बोरूतून सापडेल, ती कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.