पांडुरंग पिसुर्लेकर आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांचा अभ्यास

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसई तालुक्यातील चिंचोटी येथे कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता फुटतो. आज ही केवळ दळणवळणाची वाट असली, तरी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वसई आणि भिवंडी यांमधील हा पट्टा दोन राज्यांच्या सरहद्दीचा प्रदेश होता. पश्चिमेस पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी वसई होती. २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने ती पोर्तुगीजांच्या हवाली केली होती. पूर्वेस कल्याण-भिवंडीचा मुलूख होता. तो १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून जिंकला आणि मराठे व पोर्तुगीज एकमेकांचे शेजारी झाले. या शेजाराचे स्वरूप निश्चित करण्याचे काम ज्या संशोधकाने आयुष्यभर केले, ते पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर होत.

पिसुर्लेकरांचा जन्म १८९४ मध्ये गोव्याच्या सत्तरी महालातील पिसुर्ले या गावी झाला. मराठी भाषा आणि परंपरा यांत वाढलेल्या या अभ्यासकाने पोर्तुगीज भाषा इतकी आत्मसात केली, की त्यांचे बहुतेक प्रमुख ग्रंथ त्याच भाषेत सिद्ध झाले. गोव्याच्या ऐतिहासिक अभिलेखागाराची सूत्रे सुमारे तीन दशके त्यांच्याकडे होती. १५९५ मध्ये दियोगु दु कोतु या इतिहासकाराच्या नेमणुकीपासून या दप्तराची परंपरा सुरू होते. मोसमी जहाजांतून लिस्बनशी चालणारा पत्रव्यवहार, राज्यमंडळाच्या बैठकींची इतिवृत्ते आणि 'शेजारी राजे' या नावाने बांधलेली पत्रांची पुस्तके या संग्रहात आहेत. या साहित्याची व्यवस्था लावणे आणि त्याचे मार्गदर्शक सूचिपत्र तयार करणे हे काम त्यांनी संशोधनाइतकेच महत्त्वाचे मानले. असे सूचिपत्र १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. राज्यमंडळाच्या १६१८ ते १७५० या काळातील निर्णयांचे पाच खंड १९५३ ते १९५७ या अवधीत त्यांच्या संपादनाखाली बाहेर पडले.

या कागदांचे मोल एका उदाहरणावरून ध्यानी येईल. कोस्मे द ग्वार्दा याच्या, १७३० मध्ये लिस्बन येथे छापलेल्या शिवचरित्रात, शिवाजी हा विरारच्या एका पोर्तुगीज जमीनदाराचा पुत्र होता, अशी कपोलकल्पित कथा आली आहे. याउलट १६५९ मध्ये गोव्याच्या शासनाने पोर्तुगालला पाठविलेल्या पत्रात त्याचा निर्देश शहाजीचा पुत्र असाच आहे. वसई व चौल यांच्या आसपासचा मुलूख त्याने व्यापला असून भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे तो लढाऊ गलबते बांधीत आहे, ही वार्ता त्यात आहे. आणि ती गलबते समुद्रात उतरू नयेत अशी तजवीज करण्याची चिंताही आहे. चरित्रकाराची दंतकथा आणि शासनाची गरज यांत इतिहासकाराने कोणाचा आधार घ्यावा, याचे उत्तर येथे आपोआप मिळते. मराठी आरमाराच्या आरंभाचा समकालीन पुरावा म्हणूनही या पत्राचे महत्त्व आहे.

पिसुर्लेकरांचे सर्वांत विचारप्रवर्तक कार्य म्हणजे १९५२ चा, भारतातील पोर्तुगीज राजनीतीच्या मध्यस्थांविषयीचा ग्रंथ. परक्या दरबारी गोव्याची बाजू मांडणारे वकील आणि दुभाषे हे बहुधा हिंदू, मुसलमान, यहुदी व पारशी होते, असे त्यात दाखविले आहे. १६६७ मध्ये शिवाजी महाराजांशी वाटाघाटी करण्यास रामाजी शेणवी कोठारी गेला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे दरबारी नारायण विठ्ठल धुमे याने पोर्तुगीजांची वकिली केली. धर्माने व भाषेने समोरच्या दरबाराला जवळचा, परंतु निष्ठेने दुसऱ्या सत्तेशी बांधलेला हा वर्ग लक्षात घेतला, म्हणजे दोन धर्मांच्या अखंड वैराचे चित्र अपुरे ठरते. युद्ध, तह, व्यापार, कौल आणि हेरगिरी हे सर्व व्यवहार एकाच वेळी चालू असत.

वसईच्या मोहिमेच्या बाबतीत ही दृष्टी विशेष उपयोगी पडते. १७३७ ते १७३९ या काळातील चिमाजी अप्पाच्या मोहिमेची मराठी पत्रे पेशवे दप्तराच्या सोळाव्या भागात आहेत. त्यांवरून मोर्चे, सुरुंग आणि निर्धार यांचे दर्शन घडते. परंतु वसईला गोव्याहून पुरेशी कुमक का मिळाली नाही, हे समजण्यास गोव्याचेच दप्तर पाहावे लागते. १७३९ च्या आरंभी व्यंकटराव घोरपडे याने साष्टीवर स्वारी केल्यामुळे खुद्द गोवा संकटात होता, आणि विजरई कोंदि द सांदोमिल यास माणसे व पैसा दोन्ही अपुरे होते. १६ मे १७३९ रोजी वसईने तहाची कलमे मान्य केली. दोन्ही दप्तरे एकत्र वाचल्यावरच या विजयामागील दुहेरी योजना नजरेत भरते.

अशा अभ्यासाचे महत्त्व केवळ ग्रंथालयापुरते नसते, हे पिसुर्लेकरांच्या हयातीतच दिसून आले. दादरा व नगरहवेलीकडे जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने १९५५ मध्ये भारताविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. त्यात पेशव्यांशी झालेला १७७९ चा तह वादाच्या मध्यभागी आला. १२ एप्रिल १९६० च्या निर्णयात न्यायालयाने तो तह वैध मानला. परंतु मराठ्यांनी त्याद्वारे गावांचा महसूल दिला होता, सार्वभौमत्व नव्हे, असे ठरविले. जहागीर आणि सरंजाम या मराठी राज्यव्यवहारातील शब्दांचा अर्थ, जवळजवळ दोनशे वर्षांनंतर, दोन राष्ट्रांच्या हक्कांचा प्रश्न झाला. कागद कोणत्या भाषेत आहे आणि त्या भाषेतील संज्ञेला त्या काळी कोणता अर्थ होता, ही चिकित्सा राजनीतीच्या अभ्यासकासही टाळता येत नाही.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पिसुर्लेकरांच्या संशोधनाचे सार मराठी वाचकांपुढे 'पोर्तुगेज-मराठे संबंध' या, पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने आले; १९६९ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या पद्धतीला एक मर्यादा आहे: राज्यकर्त्यांच्या दप्तरातून राज्यकर्तेच अधिक बोलतात. कामण-चिंचोटीच्या पट्ट्यात, दोन सत्तांच्या मध्ये राहणाऱ्या शेतकऱ्याने व आदिवासीने ही सरहद्द कशी अनुभवली, हे तहाच्या कलमांतून क्वचितच कळते. त्यासाठी जमीनमहसुलाची आणि गावांची कागदपत्रे त्याच चिकाटीने तपासावी लागतील. पोर्तुगीज व मोडी या दोन्हींचे ज्ञान असलेल्या अभ्यासकाचीच येथे गरज आहे, आणि पिसुर्लेकरांनी पुढील पिढीपुढे ठेवलेली अपेक्षाही तीच आहे.