जडत्वाचें माप

अफू घेतलेल्या मनुष्याचें वजन गुंजभरही वाढत नाहीं. तरी त्याला हात उचलवत नाहीं, पापण्या शिशाच्या झाल्याशा वाटतात आणि देह अंथरुणांत रुतत चालल्याचा भास होतो. याच जडत्वाबरोबर वेदनाही निवते, म्हणून वैद्यांनीं शतकानुशतकें अफूचा आश्रय केला. परंतु प्रत्येक अफूचें बळ निराळें. एका गोळीनें रोग्याचा ठणका थांबत नसे, तर तेवढ्याच दुसऱ्या गोळीनें त्याचा श्वासच थांबे. औषध होतें, माप नव्हतें.

तें माप शोधणारा पुरुष कोणी मोठा पंडित नव्हता. जर्मनींतील पाडरबॉर्न येथील औषधालयांत काम करणारा फ्रीडरिख झेर्ट्युर्नर (जन्म १७८३) हा तरुण सहायक होता. अफूच्या अर्कांत अमोनिया घालून त्यानें एक स्फटिकरूप सत्त्व वेगळें केलें व तें कुत्र्यांना देऊन पाहिलें. १८०५-०६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखांकडे विद्वानांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं.

तेव्हां त्यानें स्वतःचा देहच पणाला लावला. त्याच्यासोबत सतरा वर्षांखालील तीन मुलगेही होते. आजच्या दृष्टीनें हें धाडस अक्षम्य ठरेल. प्रत्येकानें अर्धा ग्रेन सत्त्व घेतलें; अर्ध्या तासानें पुन्हां तेवढेंच, आणि त्यानंतर पाव तासानें तिसऱ्यांदा. प्रथम गाल लाल झाले व अंगीं उत्साह वाटला. मग मळमळ, डोक्यांत बधिरता आणि गळून गेल्याची अवस्था आली. मुलगे मूर्च्छेच्या उंबरठ्यावर पोहोंचले. तो स्वतः आडवा होऊन स्वप्नवत् गुंगींत पडला. धोका ओळखून त्यानें सर्वांस तीव्र शिरका पाजून ओकारी करविली. चौघेही वांचले, पण त्रास कांहीं दिवस राहिला.

१८१७ मध्यें हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून, मॉर्फिअसवरून, सत्त्वाचें नांव पडलें आणि १८२७ पासून डार्मस्टाट येथें मर्क यांनीं मॉर्फिन विक्रीसाठीं तयार करण्यास आरंभ केला. आतां वैद्याला तोलून औषध देतां येऊं लागलें.

त्या जडत्वाचें मूळ पुढें उमगलें. मेंदूंत व मज्जारज्जूंत अफूवर्गीय द्रव्यें ग्रहण करणारीं स्थानें असतात, हें १९७३ मध्यें प्रयोगानें सिद्ध झालें. त्यांच्याच द्वारें वेदना शमते, गुंगी येते आणि श्वासही मंदावतो. म्हणजे अंगावर उतरणारें तें गोड ओझें आणि मृत्यूची निद्रा हीं एकाच वाटेवरचीं दोन ठिकाणें होत; त्यांमधील अंतर तें काय मात्रेचें!