तिकिटावरचा चेहरा आणि तिकिटाचे साल

पत्रे लिहिण्याची सवय आता जवळजवळ सुटली आहे. तरीही टपाल खाते दर वर्षी नवी तिकिटे काढते, आणि कोणाचे चित्र छापले, कोणाचे छापले नाही, यावरून अजूनही वाद झडतात. एवढ्याशा कागदाला एवढे महत्त्व का? कारण पुस्तक कोणीही छापू शकतो, पुतळा गावकरी वर्गणी काढूनही उभारतात, पण टपालाचे तिकीट फक्त सरकार काढते. त्यावर आलेला चेहरा हा 'आमचा माणूस' म्हणून देशाने कबूल केलेला चेहरा असतो.

तिकीट पाहताना आपण चेहरा पाहतो आणि पुढे जातो. आमचे म्हणणे असे की, त्याबरोबर ते निघाल्याचे सालही पाहावे. माणसाने काम केव्हा केले आणि त्याचे तिकीट केव्हा निघाले, या दोन सालांमधल्या अंतरात समाजाच्या बदलत्या मनाचा इतिहास दडलेला असतो.

आपल्याकडे तिकिटाची सुरुवात १८५२ साली सिंध प्रांतात झाली. तेथील आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी काढलेले 'सिंध डाक' हे आशियातील पहिले टपाल तिकीट. १८५४ मध्ये साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे निघाली, त्यावर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा होता. पुढची नव्वदहून अधिक वर्षे राजा बदलला की तिकिटावरचा मुखवटा बदले, एवढाच काय तो बदल. १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनाला इमारतींची चित्रे असलेली तिकिटे आली, पण पंचम जॉर्जचा चेहरा तिथेही होताच. ज्यांच्या खिशातले पैसे या तिकिटांवर खर्च होत होते, त्यांच्यापैकी कोणालाही तिकिटावर जागा नव्हती.

स्वातंत्र्यानंतरचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर तिरंगा होता आणि 'जय हिंद' ही अक्षरे होती. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची तिकिटे आली. त्यांच्यावर 'बापू' हा शब्द दोन लिप्यांत छापला होता, नागरीत आणि उर्दूत. ते दिवस आठवावेत. फाळणीला वर्षच झाले होते, निर्वासितांचे लोंढे थांबले नव्हते, गांधीजींचा खून होऊन सात महिने व्हायचे होते. उर्दू ही पाकिस्तानची भाषा, असे म्हणणारे तेव्हाही कमी नव्हते. अशा वेळी सरकारने बापूंचे नाव उर्दूतही लिहिले. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हांला या चार अक्षरांचे मोल एखाद्या मोठ्या भाषणापेक्षा अधिक वाटते.

त्यानंतरची काही वर्षे हाच विचार दिसतो. १९४९ च्या मालिकेत अजिंठा, कोणार्क, सांची, सुवर्णमंदिर यांच्याबरोबर विजापूरचा गोल घुमट, लाल किल्ला, ताजमहाल आणि कुतुबमिनार होते. १९५२ च्या संत-कवींच्या मालिकेत कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास आणि रवींद्रनाथ यांच्या पंगतीत मिर्झा गालिब बसले. १९५५ मध्ये पंचवार्षिक योजनेची तिकिटे आली आणि त्यांवर ट्रॅक्टर, धरण, हातमाग, खत कारखाना अवतरले. नव्या राष्ट्राला आपला वारसा सर्वांचा आहे हे सांगायचे होते, आणि भविष्य कामातून घडणार आहे हेही.

पण या मोठ्या मनालाही मर्यादा होत्या. त्या कळण्यासाठी महाराष्ट्रातील समाजसुधारकांची तिकिटे सालाप्रमाणे मांडून पाहावीत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे तिकीट १९५८ मध्ये, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी निघाले. हयातीत हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. १९६२ मध्ये रमाबाई रानडे आल्या. १९६६ मध्ये, निधनानंतर दहा वर्षांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. जोतीराव फुले १९७७ मध्ये, राजर्षी शाहू १९७९ मध्ये, पंडिता रमाबाई १९८९ मध्ये. आणि सावित्रीबाई फुले? त्यांचे तिकीट १० मार्च १९९८ रोजी निघाले.

सावित्रीबाई आणि जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. कर्वे जन्मले १८५८ साली. म्हणजे कर्व्यांच्या जन्माआधी दहा वर्षे जिने मुलींना शिकवायला सुरुवात केली, ती तिकिटावर त्यांच्यानंतर चाळीस वर्षांनी आली. कर्व्यांची थोरवी याने तसूभरही कमी होत नाही. कोणी म्हणेल, तिकिटे जन्मशताब्दी-पुण्यतिथीच्या हिशेबाने निघतात, हा कॅलेंडरचा प्रश्न आहे. काही अंशी ते खरे आहे. पण १९८१ मध्ये सावित्रीबाईंच्या जन्माला १५० वर्षे झाली होती. निमित्त होते, पण मन तयार नव्हते.

ते तयार कसे झाले? १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. १९७८ पासून मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटला आणि १९९४ मध्ये नामविस्तार झाला. १९९० मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली. स्त्रियांच्या चळवळीने आपल्या पूर्वज स्त्रियांचा शोध घेतला, दलित-बहुजन लेखकांनी जुनी कागदपत्रे पुन्हा छापली. एवढे सारे झाल्यावर दोन रुपयांचे ते तिकीट निघाले. २००२ मध्ये अण्णा भाऊ साठे तिकिटावर आले, तेही याच वाटेने. तिकीट समाजाच्या पुढे चालत नाही, मागून येते.

कलावंतांच्या बाबतीतही हेच घडले. दादासाहेब फाळक्यांचे तिकीट १९७१ मध्ये निघाले. सिनेमात काम करणारी बाई मात्र घरंदाज घरात कुचेष्टेचा विषय होती, आणि मैफलीत गाणारी बाई तर त्याहून अधिक. पुढे १९९३ मध्ये नर्गिस आणि १९९४ मध्ये बेगम अख्तर तिकिटावर आल्या. ज्यांचे गाणे सर्वांना हवे होते, त्यांना इज्जत द्यायला एवढा उशीर लागला.

आता आपल्या कौमेकडे वळू. मौलाना आझाद १९६६, सर सय्यद अहमद खान १९७३, टिपू सुलतान १९७४, बहादुरशाह जफर १९७५, बेगम हजरत महल १९८४. १९८८ मध्ये तर 'तराना-ए-हिंदी'चे कवी इक्बाल यांचेही तिकीट भारताने काढले, जे पाकिस्तानचे राष्ट्रीय कवी मानले जातात. ही यादी लहान नाही, आणि ती सांगताना कंजूषी करणे बरे नव्हे.

मात्र समाजाचे मन एकाच दिशेने चालते असे नाही. ज्या टिपूला १९७४ मध्ये तिकिटावर मान मिळाला, त्याची जयंती कर्नाटक सरकारने २०१५ पासून साजरी केली आणि २०१९ मध्ये सरकार बदलताच बंद केली. टिपूच्या आयुष्यात दरम्यान काही नवे घडले नव्हते, बदलले ते पाहणारे डोळे. २०१५ मध्ये इंदिरा गांधी आणि राजीव गांधी यांची रोजच्या वापराची तिकिटे बंद करण्याचा निर्णय झाला आणि नव्या मालिकेत श्यामाप्रसाद मुखर्जी, दीनदयाळ उपाध्याय आले. मौलाना आझादही त्या मालिकेत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या राममंदिरावर सहा तिकिटे निघाली. यातले काय आवडले, काय नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण अमुक तिकीट कोणत्या साली निघाले, हे पाहिल्याखेरीज त्या काळाचे मन कळत नाही.

आपल्या यादीकडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट खटकते. तिच्यात बादशहा, सुलतान, बेगम, शायर आणि नेते आहेत. मुलांना अक्षर शिकवणारी साधी माणसे नाहीत. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये माहेरच्या गावाहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा हे नाव येते. आपण मागे नसल्याने तिच्यावर कामाचा भार पडत असेल, याची सावित्रीबाईंना काळजी आहे. सावित्रीबाई तिकिटावर आल्या, फातिमा त्या पत्रातच राहिली. तिच्याविषयी आज पुष्कळ सांगितले जाते आणि त्यातले पुष्कळ पुराव्याशिवाय सांगितले जाते. त्यामुळे ती होतीच का, असे विचारणाऱ्यांचे फावते.

फुल्यांच्या अनुयायांनी आधी कागद शोधले, मग छापले, मग मागणी केली. आपली पद्धत उलटी आहे. आपण आधी मागणी करतो, मग रागावतो आणि कागद शोधायचे राहून जातात. जुन्या शाळांची दप्तरे, अंजुमनांचे अहवाल, उर्दू-मराठी नियतकालिकांचे अंक वाळवी खात आहे. ते वाचणारा, उतरवून घेणारा माणूस हवा. तिकिटासाठी प्रस्ताव तर कोणताही नागरिक टपाल खात्याकडे पाठवू शकतो, त्यासाठी आमदार-खासदार असण्याची गरज नाही. पण त्या प्रस्तावाला जोडायला पुरावा लागतो, आणि तो गोळा करणे हे सरकारचे नाही, आपले काम आहे.