पाणी पाजणारे हात

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्याकडे लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’ म्हणजे नेमके काय करतो, हे शहरातल्या माणसाला आता समजावून सांगावे लागते. पाते तापवून लाल करायचे आणि पाण्यात बुडवायचे, की पोलाद कडक होते. नेपाळातला कामी, म्हणजे तिथला लोहार, कुकरी घडवताना हेच करतो; पण त्याची तऱ्हा निराळी. तो पाते बुडवत नाही. लालबुंद पाते आडवे धरून तोटीच्या किटलीतून पाण्याची बारीक धार फक्त कडेवर सोडत जातो. पोटाच्या फुगीर भागावर जास्त, मुठीकडे कमी आणि पाठीवर जवळजवळ नाहीच. त्यामुळे कड कडक होते आणि पाठ चिवट राहते. सगळेच पाते कडक केले तर ओंडक्यावर घाव घालताना तुटेल, सगळेच मऊ ठेवले तर धार वळेल. चांगली कुकरी तुटतही नाही आणि वळतही नाही, ती त्या किटलीमुळे.

कुकरीविषयी आपल्याला दोन गोष्टी ठाऊक असतात. एक म्हणजे गुरखा. दुसरी अशी, की ती एकदा म्यानातून निघाली की रक्त प्यायल्याशिवाय परत जात नाही. ही दुसरी गोष्ट साफ खोटी आहे. डोंगरातल्या नेपाळी घरात कुकरीने लाकूड फोडतात, झुडपे तोडतात, भाजी चिरतात. दर वेळी रक्त काढायचे म्हटले तर त्या घरात बोटे शिल्लक राहिली नसती!

विल्यम कर्कपॅट्रिक हा इंग्रज अधिकारी १७९३ मध्ये नेपाळात गेला. त्याचे पुस्तक १८११ मध्ये छापले गेले आणि त्यात कुकरीचे चित्र आहे. पुढे १८१४ ते १८१६ या काळात इंग्रज-नेपाळ युद्ध झाले. देहरादूनजवळच्या नालापानीत गोरख्यांनी कंपनीच्या फौजेला जेरीस आणले. युद्ध संपण्याआधीच, १८१५ मध्ये, कंपनीने गोरख्यांच्या पलटणी उभारायला सुरुवात केली. कुकरी जगभर गेली ती या पलटणींबरोबर.

पण नेपाळच्या स्वतःच्या लष्करातल्या कुकऱ्या काठमांडूच्या लगन शिलेखान्यात पडून होत्या. शिलेखाना म्हणजे शस्त्रांचे कोठार. जुन्या मराठी कागदपत्रांतही हा शब्द भेटतो. २००३ मध्ये तिथला मोठा साठा, बंदुका आणि हजारो कुकऱ्यांसह, अमेरिकेतल्या दोन कंपन्यांनी विकत घेतला आणि तो जगभरच्या हौशी संग्राहकांत पांगला.

त्यातलीच एक कुकरी माझे एक स्नेही अमेरिकेहून घेऊन आले. पात्यावर वाळून मेणासारखे घट्ट झालेले तेल आणि धूळ. ते म्हणाले, “बफिंगच्या चाकावर धरून आरशासारखी करून घेऊ या का?” मी त्यांना चहा पाजला आणि कुकरी काढून घेतली. चाक फिरले की वरचा गंज जातो हे खरे, पण त्याबरोबर कोरलेली अक्षरेही पुसली जातात. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके, बांबूची चिपटी आणि चार संध्याकाळी, एवढ्यावर काम भागले. खालून देवनागरी अक्षरे आणि आकडे वर आले. परदेशी संग्राहकांना ते वाचून घ्यावे लागतात. आपल्याला मात्र सहज वाचता येतात. आकडा विक्रम संवताचा असेल, तर त्यातून ५७ वजा करायचे, की साधारण इसवी सन मिळतो.

मग तेलाचा अंशही राहू नये म्हणून पाते साबणाने धुतले, कोरडे केले आणि त्यावर कोमट व्हिनेगर फिरवले. लिंबाचा रसही चालतो. आम्लाचा परिणाम कडक पोलादावर आणि मऊ पोलादावर सारखा होत नाही. थोड्याच वेळात कडेला समांतर अशी एक नागमोडी रेघ उमटली. किटलीतले पाणी कुठपर्यंत पोचले होते, ते तिथे दिसत होते. काही जुन्या पात्यांत पोलाद आणि लोखंड तापवून जोडलेला सांधाही असाच उघडा पडतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच तेल लावायचे, नाहीतर तासाभरात तांबूस गंज धरतो.

त्या पात्यावर अक्षरे होती, आकडा होता. घडवणाऱ्याचे नाव नव्हते. जंगबहादुर राणाच्या १८५४ च्या मुलुकी ऐनाने कामी जातीला ज्या वर्गात टाकले, त्यांच्या हातचे पाणी चालत नसे आणि त्यांना शिवले तर अंगावर पाणी शिंपडून शुद्ध व्हावे लागे. पोलादाला पाणी द्यायला त्याचा हात चालत होता, माणसाला द्यायला नाही. चवदार तळे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यावर भाष्य नको. गावासाठी केलेल्या कामाचा मोबदला त्याला वर्षाकाठी धान्यात मिळे. आपल्या बलुत्यासारखाच तो प्रकार, त्याला तिकडे ‘बाली घरे’ म्हणतात. दसऱ्यात नवमीला कुकरीला टिळा लागे, आपल्या खंडेनवमीसारखा, आणि कामी उंबऱ्याबाहेर. १९६३ च्या नव्या ऐनाने जातिभेदाचा कायदेशीर आधार काढून घेतला. तरी २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध शिक्षेचा वेगळा कायदा करावा लागला, यातच सगळे आले. भोजपूर आणि धरानकडे आजही भाते चालतात. पोलाद बहुधा ट्रकच्या जुन्या स्प्रिंगपट्ट्यांचे असते.

कुकरी घरात कशी सांभाळावी, असे लोक विचारतात. वापरून झाली की पुसून तेलाचा हात द्यावा. बरीच वर्षे ठेवायची असेल तर चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते. म्यानात दोन छोटी पाती असतात. धारेचे पाते तो कर्दा, बोथट ती चकमक; कुकरीची धार सरळ करायला ती वापरतात. म्यान धरताना बोटे पाठीच्या बाजूला ठेवावीत, कारण जुने म्यान कडेने उसवलेले असू शकते. मूठ जुन्या रीतीने लाखेने बसवलेली असेल तर ती उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवू नये. लाख मऊ पडते आणि मूठ हलू लागते.