औंढ्याची वेधशाळा आणि वार्तावहनाचें गणित

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा म्हटलें कीं महाराष्ट्राला नागनाथाचें देऊळ आठवतें. त्याच परिसरांत गुरुत्वलहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें ६ एप्रिल २०२३ रोजीं २,६०० कोटि रुपयांची मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचें वर्णन पुष्कळदां होतें. तेथून निघणाऱ्या आंकड्यांना वाट किती रुंद हवी, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

ह्या गणिताचें मूळ तारायंत्रांत आहे. कोणत्याहि लहरीची तिच्या सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीनें नोंद घेतली तर ती पुन्हां जशीच्या तशी उभी करतां येते, हें मर्म हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ मधील तारसंदेशांच्या अभ्यासांतून निघालें व क्लॉड शॅनन यांनीं १९४९ मध्यें सिद्ध करून मांडलें. लायगोची मुख्य नोंद सेकंदाला १६,३८४ मोजमापांची असते. एका मोजमापास ४ बाइट धरल्यास सेकंदाला ६५,५३६ आणि दिवसाला सुमारें ५६६ कोटि बाइट होतात. उत्तम प्रतीच्या एखाद्या चित्रपटाहून हा पसारा फारसा मोठा नाहीं!

खरा भार सोबत्यांचा. जमिनीचा कंप, वारा, चुंबकत्व, लेसरचा प्रकाश यांवर पहारा ठेवणारे साहाय्यक नोंदींचे प्रवाह अमेरिकेंतील वेधशाळांत दोन लाखांहून अधिक आहेत. सर्वांना मुख्य नोंदीचाच वेग लावला तर सेकंदाला १,३०० कोटि बाइट भरतील, आणि अंदाज साफ फसेल. उष्णतामापक सेकंदाला सोळा हजार वेळां वाचण्यांत अर्थ काय? प्रत्येकाचा वेग निराळा धरूनच बेरीज करावी लागते. शिवाय जागेवर काय सांठवावयाचें आणि ताबडतोब काय धाडावयाचें, हेंहि आधींच ठरवावें लागतें.

ही घाई कशासाठीं, तें १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दिसून आलें. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा अमेरिकेंतील दोन वेधशाळांवरून १९० चौरस अंशांत शोधावी लागली असती. इटलींतील व्हर्गोच्या नोंदीनें तें क्षेत्र ३१ वर आलें. लिव्हिंग्स्टनच्या नोंदींत ऐन वेळीं शिरलेला खरखराटहि दूर करावा लागला. तिन्ही नोंदींचा नकाशा निघण्यास पांच तासांहून अधिक वेळ गेला. सुमारें अकरा तासांनीं तो प्रकाश दुर्बिणींत सांपडला, पण त्याची निळी झांक थोड्याच दिवसांत विझली.

अशा प्रसंगीं औंढ्याची नोंद कांहीं सेकंदांत सागरापार गेली पाहिजे. म्हणून केवळ सरासरी भाराएवढी तार पुरत नाहीं. ती एक दिवस तुटली, तर तुंबलेला मजकूर तेवढ्या क्षमतेनें कधींच निघणार नाहीं. दुप्पट असेल तर एका दिवसांत निघेल, आणि तोंवरहि मुख्य नोंदीनें रांगेंत थांबतां कामा नये.