पुस्तकाआधीचा रंगमंच

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर परसोपंतसारख्या वऱ्हाडी गावांचा वाङ्मयीन इतिहास छापील पुस्तकांवरून मोजला तर तोकडा दिसतो. पण इथे मोजपट्टीच चुकते. विदर्भातलं खडी गंमत हे लोकनाट्य नावाप्रमाणे उभ्यानेच रंगतं: शाहीर, डफ, ढोलकी आणि लुगडं नेसलेला नाच्या. गावातली ताजी भानगड संवादात शिरते आणि प्रेक्षक हसून किंवा उठून जाऊन तिथल्या तिथे निकाल देतो. ही समीक्षाच की!

करमणूक म्हणजे साहित्य नव्हे, असा आक्षेप येईल. पण १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ग. दि. माडगूळकर; त्यांची कीर्ती चित्रपटांनी आणि गीतरामायणाने घरोघरी नेली. २०१९ मध्ये तिथेच लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावर संमेलनाचं उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. त्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या पत्नी आणि ‘तेरवं’ नाटकातल्या कलावंत. ही वेळ मारून नेणं होतं, असं कुणी म्हणेल. निमंत्रण मागे घेतल्याचा डाग त्यानं पुसला गेला नाही, हेही खरं. तरीही संमेलनाच्या व्यासपीठावर इथल्या शिवाराचं दुःख पोचलं ते पुस्तकातून नव्हे, रंगमंचावरून.