वारा, डास आणि बेगमपेठ

हिवतापाला ‘मलेरिया’ हे नाव इटालियन भाषेतून मिळाले. त्याचा अर्थ दूषित हवा. दलदलीवरून येणारा वाराच ताप आणतो, अशी समजूत शतकानुशतके होती. तिला निर्णायक धक्का बसला तो आपल्या शहराच्या वेशीवर. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादच्या छावणीतील लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान या रुग्णाला, दर डासामागे एक आणा देऊन, डास चावून घ्यायला लावले. २० ऑगस्टला त्यांपैकी एका चितकबऱ्या पंखांच्या डासाच्या जठरात त्यांना हिवतापाचे परजीवी दिसले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेगमपेठेतली ती वास्तू आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

वारा आरोपातून सुटला, पण प्रकरणातून बाहेर पडला नाही. डास माणसापर्यंत पोचतो कसा, हा प्रश्न उरला. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास वाऱ्यावर वाहत जातो. तो लागला की डासाची मादी वाऱ्याच्या उलट दिशेने उडू लागते. पण ही दिशा तिला कळते कशी? काठ दिसेनासा झाला की प्रवाहाबरोबर वाहणाऱ्या नावेतल्या माणसाला प्रवाह जाणवत नाही. हवेतल्या कीटकाचीही तीच अडचण.

१९४०च्या सुमारास इंग्रज कीटकशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात पीतज्वराचे डास सोडले. तळाचे पट्टे हलवताच डासांचे उडणे बदलले. डास वारा अंगाने नव्हे, तर डोळ्यांखालून सरकणाऱ्या जमिनीवरून ओळखतो, असा त्याचा अर्थ होता. नावाड्याने काठ पाहावा, तसेच हे.

मिशांचेही काम आहेच. १८५५ साली अमेरिकन डॉक्टर क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनी डासाच्या मिशांच्या बुडाशी असलेले एक इंद्रिय वर्णिले आणि ते कान मानले. फळमाशीत तेच इंद्रिय हवेचा झोतही टिपते, हे पुढे उमगले. संजय साने आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की मिशा कापलेल्या पतंगाचा उडताना तोल जातो आणि त्या पुन्हा चिकटवल्या की बराचसा सावरतो.

घरातला साधा पंखा का उपयोगी पडतो, हेही यातून कळते. डास मंद उडणारा. जोराचा वारा त्याला मागे रेटतो आणि वासाचा मागही विस्कटतो. ज्या वाऱ्याला आपण शतकानुशतके दोष दिला, तोच मच्छरदाणीच्या जोडीने आपली राखण करतो.